बिडी येतली

वॉशिंग मशीनचं दार उघडलं आणि ओल्या कपड्यांबरोबर मूठभर पेंढा माझ्या पायावर पडला.

आबांच्या कोटाचे दोन्ही खिसे पेंढ्याने भरलेले होते. स्वेटरच्या बाहीत पेंढा, मोज्यांत पेंढा. मशीनच्या जाळीत तो असा गुंतला होता की पाणीच जात नव्हतं. मी ओली मूठ घेऊन बाहेर आले.

"आबा, ह्यां काय?"

खिडकीपाशी बसलेल्या आबांनी पेंढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गवात," ते म्हणाले.

"तां दिसतां माका. खिशात कित्याक?"

त्यांनी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. बाहेर पाऊस होता आणि शेजारच्या डोनलच्या गाई होत्या. आमच्या खिडकीतून दुसरं काही दिसायचंच नाही.

आई श्रावणात गेली आणि दिवाळीच्या आधी आबांना मी इकडे आयर्लंडला घेऊन आले. कुडाळच्या एस.टी. स्टँडवर ते कंट्रोलर होते. आयुष्यभर माइकवरून गाड्या पुकारल्या, त्यामुळे की काय, घरी बोलण्याची त्यांना कधी फारशी हौस नव्हती. घरातलं बोलणं आईचं. ती गेल्यावर बोलणंच गेलं. सकाळी "च्या", दुपारी "जेवलंय", रात्री "निजतंय". बाकी दिवस खिडकी.

आम्ही राहायचो ड्रमकील नावाच्या गावात. नैर्ऋत्येकडचा केरी परगणा. एक चर्च, एक दुकान, एक पब, आणि माणसांपेक्षा गाई जास्त. मी जवळच्या शहरातल्या इस्पितळात नर्स. निशिकांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी कॉर्कला; तो शनिवार-रविवारी घरी यायचा. मधले पाच दिवस आबा आणि मी. त्यातही मी ड्युटीवर. घरी एकटे राहून आबा खचतील, म्हणून मीच त्यांना नुआलाच्या हवाली केलं होतं.

नुआला म्हणजे गावची निवृत्त पोस्टमास्तरीण. गावातली जुनी गाणी, जुन्या गोष्टी, कुठल्या पडक्या घरात कोण राहायचं, कुठल्या विहिरीचं पाणी डोळ्यांना चांगलं, हे सगळं विसरलं जाऊ नये म्हणून तिने आठ-दहा शेजारी जमवले होते. जुन्या शाळेच्या इमारतीत ते बसायचे. चहा, बिस्किटं आणि गप्पा. "भाषा येत नसली तरी बसू दे त्याला आमच्यात," ती म्हणाली होती. "आमच्यातल्या निम्म्यांना ऐकूच येत नाही." ती किंवा डोनल येऊन आबांना गाडीतून घेऊन जायचे. आबा तिथे कुणाचा तरी पत्त्यांचा डाव बघत बसत असतील, अशी माझी समजूत होती.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता तो. पेंढ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना आबा आपणहून बोलले. मी इतकी दचकले की घास हातातच राहिला.

"शुक्रवारी बिडी येतली," ते म्हणाले.

"विडी? आबा, तुमी विडी सोडून वीस वर्सां झाली. आणि हय कोण हाडून देतलो तुमका?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मलाच काही समजत नाही. "ओढूची न्हय गो. येतली. बिडी."

"कोण येतली?"

ते उठले आणि हात धुवायला गेले.

नर्सच्या डोक्यात पहिल्यांदा काय येतं? तेच माझ्या डोक्यात आलं. असंबद्ध बोलणं. खिशात कचरा साठवणं. माझ्या वॉर्डात अशी माणसं रोज होती. मी आमच्या डॉक्टरांकडे फोन करून सोमवारची वेळ घेतली. स्मरणशक्तीची तपासणी करायची, म्हणून सांगितलं.

मग गुरुवारी आबांच्या खोलीत चादर बदलताना लक्षात आलं, की उशीखालचं लुगडं नाही.

हिरवं, लाल काठाचं, सुती. आईने ते माझ्याकडे यायचं म्हणून घेतलं होतं. "तिकडच्या लोकांक हिरवो रंग आवडता म्हणे," असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. दोनदा व्हिसा अडला, मग तिचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. लुगडं बॅगेतच राहिलं. तिच्या पश्चात आबांनी कुडाळहून आपले दोन शर्ट आणि ते लुगडं आणलं होतं. रोज उशीखाली ठेवायचे. मी कधी त्याचा विषय काढला नव्हता.

"आबा, आयेचा लुगडां खंय?"

"दिलंय."

"दिलास? कोणाक?"

"बिडीक."

इंग्रजीत म्हाताऱ्या बाईला 'बिडी' म्हणतात, हे इस्पितळात येता-जाता माझ्या कानावर पडलं होतं. म्हणजे ही कुणी बाई होती. शुक्रवारी आमच्याकडे येणार होती. आणि आई जाऊन सहा महिने व्हायच्या आत आबांनी तिला आईचं लुगडं दिलं होतं.

मी तशीच नुआलाला फोन लावला.

"तुमच्याकडे कुणी बिडी नावाची बाई येते का?"

पलीकडे नुआला हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला.

"येते की. उद्या सगळ्यांकडेच येणार आहे. तुझ्या वडिलांचा तिच्यावर फार जीव जडलाय बघ."

"नुआला, मी गंभीरपणे विचारतेय. त्यांनी तिला माझ्या आईची साडी दिली आहे."

हसणं थांबलं. "मला वाटलं, तुला सांगितलं असेल त्याने," ती म्हणाली. आणि मग घाईघाईने, "उद्या कळेल. आज मी काही बोलायचं नाही, तसं ठरलंय." फोन ठेवला.

काय ठरलंय? कुणाशी? आबांना इंग्रजीत "थँक्यू" आणि "नो शुगर" यापलीकडे काही यायचं नाही. त्यांच्याशी कुणी काय ठरवणार? निशिकांतला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "काहीतरी तुझाच घोटाळा झालाय, उर्मिला." हे मलाही वाटत होतं, पण घोटाळा नक्की कुठे होता, ते कळत नव्हतं. त्या रात्री पलीकडच्या खोलीत आबा गुणगुणत होते. आबा, आणि गुणगुणणं! शिमग्यात सोंगं घेऊन मंडळी दारात आली की हा माणूस आतल्या खोलीत जाऊन कडी लावायचा. आई एकटी ओसरीवर उभी राहून, सोंगांच्या पायांकडे बघून एकेकाला ओळखायची आणि खो खो हसायची.

शुक्रवारी मी लवकर सुटले. घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि दिवस मावळत आला होता. आबा घरात नव्हते. कोट खुंटीला, बूट मात्र गायब. बाहेर बारीक पाऊस. नुआलाचा फोन कुणी उचलेना, डोनलकडेही कुणी उचलेना. कोट न घालता, त्या थंडीत, भाषा येत नसलेला म्हातारा माणूस. मी रेनकोट अंगात घालतच होते, तेवढ्यात बाहेर अकॉर्डियन वाजायला लागलं. त्यात ढोलाचा ठेका. आणि कुणीतरी काठीने दार ठोठावलं.

मी दार उघडलं. समोर सात-आठ माणसं उभी होती, आणि एकालाही चेहरा नव्हता.

डोक्यावर पेंढ्याच्या विणलेल्या, वर निमुळत्या होत गेलेल्या उंच टोप्या, थेट छातीपर्यंत उतरलेल्या. डोळ्यांच्या जागी नुसत्या फटी. अंगात पांढरे सदरे, कमरेला पेंढ्याचे वळलेले पट्टे. ती मला ढकलूनच आत आली. वाजवणारे भिंतीला उभे राहिले, बाकीचे माझ्या स्वयंपाकघरात नाचायला लागले. पेंढा सगळीकडे उडत होता.

"कोण आहात तुम्ही?" मी ओरडले.

"ओळख!" एक जण म्हणाला. श्वास आत ओढत ते बोलत होते, त्यामुळे आवाज बाईचा की पुरुषाचा तेही कळेना. "ओळख, ओळख!"

माझ्या मनात भलतंच आलं की हे स्वप्न असावं. मग नजर आपोआप खाली गेली. सगळ्यांचे रबरी बूट, एकाच्या बुटाला नायलॉनची निळी दोरी बांधलेली. ती दोरी मी रोज आमच्या फाटकापाशी बघायची.

"डोनल!"

टोपी वर झाली. आत डोनलचा लालबुंद चेहरा, कानापर्यंत हसू.

"डोनल, माझे वडील कुठे आहेत? घरात नाहीत ते. तुम्ही पाहिलंत का त्यांना?"

डोनलने तोंड उघडलं. इकडेतिकडे पाहिलं. आणि त्याने टोपी पुन्हा खाली ओढून घेतली.

मी वेडी व्हायची बाकी होते. वडील हरवलेत म्हणून सांगतेय आणि हा माणूस टोपी घालतोय! मी काही बोलणार, तोच मागचा एक जण पुढे आला. त्याने दोन्ही हातांत लहान मुलाएवढी बाहुली धरली होती. काठीवर पेंढा बांधून केलेलं अंग, कापडाचं डोकं, कोळशाने काढलेले डोळे. तिला अंगभर गुंडाळलं होतं ते आईचं हिरवं लुगडं. काठ उलटे गेलेले, पदर काखेत खोचलेला, जागोजागी पिना.

त्या माणसाने बाहुली माझ्यासमोर उचलून धरली आणि एक पाय आपटला. मग दुसरा. बेताल, जड. नाचत होता तो.

मी लुगडं धरलं आणि ओढलं. पिना तुटल्या, एक माझ्या तळहातात घुसली. मी ओढत राहिले. वाजवणं थांबलं.

"कुणी दिलं हे तुम्हाला?" मी इंग्रजीत ओरडत होते. "माझ्या आईचं आहे हे. माझी आई मेली आहे! माझ्या वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही, आपण काय करतो ते त्यांना कळत नाही, आणि तुम्ही त्यांच्याकडून हे घेतलंत? खेळायला?"

समोरच्या माणसाच्या हातात आता नुसती पेंढ्याची काठी राहिली होती. त्याने ती हळूच खाली केली, छातीशी धरली, आणि दाराबाहेर निघून गेला.

मग एकेक टोपी निघायला लागली. दुकानवाली, चर्चमध्ये घंटा वाजवणारा, दोघी बहिणी. सगळे ओळखीचे. शेवटी नुआला. तिचे पांढरे केस कपाळाला चिकटले होते.

"उर्मिला," ती म्हणाली, "आता गेला तो तुझा बाप होता."

"कोण?"

"बाहुली घेऊन होता तो. आबा."

शब्द कळत होते, अर्थ कळत नव्हता. आबा नाचत नाहीत, असं काहीतरी मी म्हणाले असेन.

"उद्या ब्रिजिडचा दिवस," नुआला हळूहळू, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगत होती. "आमची संत ब्रिजिड. लाडाने बिडी. आदल्या संध्याकाळी तिची बाहुली करून आम्ही घरोघर नेतो. ज्या घरी ती जाते तिथे वर्षभर दूधदुभतं, आरोग्य. मध्ये बंद पडलं होतं हे सगळं, आम्ही पुन्हा सुरू केलं. टोप्यांसाठी पेंढ्याच्या वेण्या वळायला माणसं नव्हती. तुझे वडील पहिल्या दिवसापासून वळताहेत. आणि गेल्या आठवड्यात त्यांनी ती साडी आणली, बाहुलीला लावून दाखवली, आणि बोटाने तुझ्या घराकडे दाखवलं. आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे. कोण कोण सोंग घेणार ते घरच्यांना सांगायचं नसतं, म्हणून काल मी गप्प बसले."

मी लुगडं तसंच हातात घेऊन बाहेर धावले.

आबा फार लांब गेले नव्हते. डोनलच्या कुंपणापाशी, त्याच्या ट्रॅक्टरच्या दिव्यात उभे होते. डोक्यावर अजून टोपी. गाई कुंपणाजवळ येऊन त्या टोपीला तोंड लावायच्या बेतात होत्या.

"आबा."

टोपी हलली नाही.

"आबा, माका ठाऊक नव्हतां. माका वाटला..."

"डोक्या ठिकाणार नाय," टोपीच्या आतून आवाज आला. "तितक्या इंग्रजी माका कळता."

पाऊस पेंढ्यावरून ओघळत होता. मग आबा बोलायला लागले. इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून सलग ऐकलेली मला आठवत नाहीत. चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज.

"तिना तुझां घर बघूक नाय. ब्याग भरून बसली होती. लुगडां दोनदा इस्त्री केल्यान. माका इचारी, उर्मीच्या घराची पायरी केवढी, माज्या गुडघ्यांक जमात मां? माका काय ठाऊक! आता मी हय येवन बसलंय, रोज ती पायरी चडतंय, उतारतंय. आणि तिका कोण सांगतलो?" ते थांबले. "ही लोकां बायेक घरोघर नेतत. आपण गवर हाडतो तशी. म्हटलंय, हिच्या निमतान तिका हाडूया. एकदा बघांदेत."

"माका सांगूचां तरी."

"असां सांगूक येता?" आबा म्हणाले. "तोंड उघडा ठेवन?"

मी त्यांच्या दंडाला हात लावला. सदरा पार भिजला होता. "चला, घरात चला."

"नाय." त्यांनी ती उघडी पेंढ्याची काठी माझ्यापुढे धरली. "बाय अशी, लुगड्याबिगर, घरात येवची नाय."

एव्हाना नुआला आणि बाकीची मंडळी येऊन मागे उभी होती. डोनलने न सांगता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची फळी पाडली. मी तिच्यावर बाहुली आडवी ठेवली आणि लुगडं झटकलं. नऊ वार कापड आणि हातभर बाहुली. दुमडून अर्धं केलं, पुन्हा अर्धं केलं. माझ्या हातातून रक्त येत होतं ते काठाला लागलं, लालवर लाल. निऱ्या घालताना बोटं थंडीने वळत नव्हती.

"आम्ही पिना लावल्या होत्या," नुआला अपराध्यासारखी म्हणाली. "त्याला विचारलं कसं नेसतात, तर त्यालाही येईना."

मी मराठीत सांगितलं तसं आबा म्हणाले, "माका खंयसून येतलां? नेसलेला बघलंय, नेसताना काय बघूक नाय."

माझ्या तोंडून हसू फुटलं. मग रडू. दोन्ही एकदम येत होतं, थांबवता येत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या त्या पेंढ्याच्या माणसांनीही मला थांबवलं नाही. पदर डोक्यावरून घेतला, कोळशाच्या डोळ्यांच्या वर येईल एवढा. कुंकू नव्हतं घरात. तळहातावरच्या रक्ताचंच बोट तिच्या कपाळाला टेकवलं.

मग मी एकटीच घरात गेले आणि दार लावून घेतलं. का, ते मला सांगता येणार नाही. कुणी सांगितलं नव्हतं. कुडाळला भाद्रपदात गवर आणताना घरातली बाई आत उभी राहते आणि कोण आलं ते विचारते, एवढंच आठवत होतं. स्वयंपाकघरभर पेंढा पडला होता. भांडी तशीच होती. आई आली असती तर मी हे घर आधी आवरलं असतं.

दारावर काठी वाजली.

"कोण इलां?" मी विचारलं.

बाहेर काहीच नाही. पाऊस. कुणाचा तरी खोकला. आबा आता काय म्हणतील? बिडी म्हणतील, की गवर? चाळीस वर्षं एका घरात राहून त्यांनी आईला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. "अगो" नाहीतर "उर्मीची आये", एवढंच.

"सुलोचना," दाराबाहेरून आबा म्हणाले. "सुलोचना इली."

मी दार उघडलं.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे बराच वेळ बसली. खुर्चीवर, टेबलाशी. मी तिच्यापुढे भात आणि बांगड्याचं झणझणीत तिखलं वाढलं. आयरिश मंडळींनी ते पाणी पीत पीत खाल्लं. अकॉर्डियन पुन्हा सुरू झालं आणि आबा पुन्हा नाचले, तसेच बेताल. मग सगळे तिला घेऊन पुढच्या घरांकडे गेले. आबाही गेले. ह्या वेळी कोट घालून.

सोमवारी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलंच. डोकं अगदी ठिकाणावर होतं. मे महिन्यात ते कुडाळला परत गेले, पेरणीच्या आधी जायचंय म्हणाले, आणि नंतर पुष्कळ वर्षं तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलत, भांडत राहिले. आता तेही नाहीत. त्यांच्या मनात त्या दिवशी नेमकं काय होतं, कोण आली असं ते समजत होते, हे मी त्यांना कधी नीट विचारलं नाही. विचारायचा प्रयत्न मात्र एकदा केला. दुसऱ्याच दिवशी, सकाळी.

आबा टेबलाशी बसून लुगड्याची घडी घालत होते. काठाला काठ लावून, तळहाताने चेपून.

"मगे?" मी चहा ठेवत विचारलं. "बघल्यान घर?"

"बघल्यान."

"काय म्हणाली?"

आबांनी घडी पुरी केली. कप उचलला, एक घोट घेतला आणि खिडकीकडे पाहिलं.

"घर बरां आसा, म्हणाली," ते म्हणाले. "पडदे मातर तिका आवडाक नाय."